‘ताणा’ म्हणणाऱ्याची जागा

फार जुन्या काळी, जहाजं शिडांवर चालत तेव्हा, एका बंदरात काथ्याचे दोर वळणारी बाई राहत असे. तिच्या हातचा दोर राज्यात नावाजलेला. तिचा धाकटा भाऊ धक्क्यावर खलाशी होता.

एकदा राणीचं जहाज बंदराला लागलं. वारा उलटा, जहाज आणि धक्का यांच्यात दोन हात पाणी राहिलं. एक फळी टाकली की भागलं असतं. पण बंदराचा कारभारी इरेला पेटला. “राणीसाहेब काय फळीवरून उतरणार? जहाज धक्क्याला चिकटलं पाहिजे. ताणा रे!”

खलाशी जहाजाचा दोर ओढणारा रहाट फिरवू लागले. भाऊ धक्क्यावरच्या दोर अडकवायच्या खुंटापाशी दोर धरून होता. ताणून ताणून दोर बारीक झाला, पाणी पिळून निघालं, दोर करकरू लागला.

बाई धावत आली. “कारभारी, ढील द्या! दोर तुटायला आलाय.”

कारभारी छत्रीखालून हसला. “का गं, स्वतःच्याच दोराचा भरवसा नाही? काथ्या चोरलास वाटतं!”

“चांगला दोरच तुटताना जास्त मारतो, मेल्या! भाऊ, तू तरी सरक तिथून!”

“आक्का, हुकूम आहे गं,” भाऊ म्हणाला. “असा सोडून कसा...”

दोर तुटला. चाबकासारखा उलटा फिरला आणि भावाचा पाय गुडघ्यापासून घेऊन गेला.

“गडी गाफील होता,” कारभारी लगेच म्हणाला.

बाईने पदर फाडून भावाची जखम आवळली. मग ताठ उभी राहून जहाजाकडे ओरडली, “गाफील म्हणे! राणीसाहेब, तो दोराशी होता आणि हा सावलीत. तुमच्या पायाखाली फळी नको म्हणून याने माझ्या भावाचा पाय घेतला!”

राणीची मान खाली गेली. फळी मागवून ती उतरली आणि तिने तिथेच फर्मान काढलं: यापुढे ज्याला ‘ताणा’ म्हणायचं असेल, त्याने खुंटापाशी उभं राहून म्हणावं.

दुसऱ्या दिवशी दुसरं जहाज आलं. कारभारी खुंटापाशी उभा राहून ‘ताणा’ म्हणाला. दोर नुसता कुरकुरला, तोच तो किंचाळला, “ढील द्या रे, ढील!”

सगळा धक्का हसला. बाई हसली नाही.

“एवढी अक्कल यायला माझ्या भावाचा पाय लागला होय रे तुला?” ती म्हणाली.

बोध: दुसऱ्याच्या जिवावर दोर ताणू नये, ताणायचाच असेल, तर आधी स्वतः त्याच्याजवळ उभं राहावं.