मिनोदानीची न कापलेली दोरी

जपानात ताकायामाहून कानाझावाकडे जाणारी बस डोंगर उतरून मिनोदानी गावाशी पंधरा मिनिटं थांबते. प्रवासी उतरतात, उभ्या उताराची गवती छपरं पाहतात, फोटो काढतात, चहा पितात. फार थोड्यांच्या लक्षात येतं, की प्रत्येक छपराच्या पूर्वेकडच्या टोकाला हातभर दोरी लोंबते आहे. बाकी छप्पर कसं कातरून नीटनेटकं केलेलं, आणि ही एवढी दोरीच कापायची राहून गेलेली. चहाचं दुकान चालवणाऱ्या हात्सुए आजींना कोणी विचारलंच, तर त्या आधी बसची वेळ विचारतात आणि वेळ असेल तरच सांगायला बसतात.

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हाही गावाची रीत हीच होती. दर शरदात एका घराचं जुनं छप्पर उतरवायचं आणि सगळ्या गावाने मिळून एका दिवसात नवं शाकारायचं. या शाकारणीला काठीएवढी लांब लाकडी सुई लागते. छपरावर बसलेला माणूस दोरी ओवलेली सुई गवतातून आत खुपसतो. आत माळ्यावरच्या अंधारात दुसरा असतो, तो दोरी वाशाभोवती फिरवून सुई परत बाहेर लोटतो. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. बायका त्या दिवशी खाली चुलीपाशी असत, माळ्यावर त्यांनी जायचं नाही असा दंडक होता.

गावात शिनो नावाची एक विधवा होती. तिचा नवरा तात्सुजी अशाच एका शाकारणीत छपरावरून पडून गेला. ज्या बांबूवर पाय देऊन तो उभा होता, त्याची दोरी सुटली. त्या दिवशी आत माळ्यावर होता कुमाकिची, तात्सुजीचा जिवलग मित्र आणि शिनोला धाकट्या दिरासारखा. आतल्याने गाठ ढिली मारली, असं शिनोने मनाशी धरलं ते धरलंच. चारचौघांत ती त्याच्या तोंडावर तसं बोललीही. कुमाकिचीने मान खाली घातली आणि तो निघून गेला. गावातल्या एकाही पुरुषाने चकार शब्द काढला नाही. त्यानंतर अकरा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं.

बाराव्या वर्षी शिनोच्याच घराची पाळी आली. सकाळी जुनं गवत उतरलं, घर उघडं पडलं आणि दुपारी उत्तरेच्या डोंगरावर ढग उतरले. त्या साली बर्फ महिनाभर आधी आलं म्हणे. अंधारापूर्वी छप्पर झाकलं नाही तर बर्फाच्या ओझ्याने उघडे वासे मोडणार, रेशमाच्या किड्यांच्या माच्या जाणार, आणि खाली अंथरुणाला खिळलेली म्हातारी सासू थंडीने मरणार, हे सांगायला कोणी जाणता लागत नव्हता.

आत बसायला कुमाकिचीसारखा हात गावात दुसऱ्या कोणाचा नव्हता. पण शिनो उंबऱ्यात उभी राहिली. "तो माणूस माझ्या घरात पाऊल टाकणार नाही," ती म्हणाली. घरधनिणीचा शब्द, कोण मोडणार? दुसऱ्या एकाला आत बसवलं. त्याने दोरी भलत्याच वाशाला घातली आणि गवताची अख्खी रांग घसरून अंगणात आली. भुरभुर बर्फ सुरू झालं. शिनोने कंबरेला पदर खोचावा तशा बाह्या दोरीने आवळल्या आणि दंडक झुगारून स्वतःच माळ्यावर चढली.

गावप्रमुख मोठा धोरणी होता. घराच्या आत शिनोची सत्ता, पण छप्पर गावाचं, असा त्याने हिशेब केला आणि शिनोला न सांगता कुमाकिचीला छपरावर धाडलं.

सुई आत आली. शिनोने दोरी वाशाभोवती फिरवली, सुई बाहेर लोटली आणि गाठ मारायला दोरीचं टोक शोधू लागली. टोक नव्हतं, ते सुईबरोबर बाहेर गेलं होतं. बाहेर कोणीतरी गवत पायाने दाबलं, दोरीला हिसका बसला आणि ती वाशात रुतली. दुसऱ्या वेळी तेच झालं, तिसऱ्या वेळीही तेच. आतल्याच्या हातात बांधायला काही उरतच नव्हतं. पाय द्यायचा बांबूही असाच बांधतात. म्हणजे त्या दिवशीची गाठ तात्सुजीची स्वतःची होती.

"वर कोण आहे?" तिने विचारलं. उत्तर आलं नाही. तिच्याशी न बोलणारा गावात एकच होता.

ती काम करत राहिली. रांगा चढत गेल्या. उजेड सरता सरता पूर्वेच्या टोकाची शेवटची सुई आत आली, तेव्हा तिने ती धरून ठेवली.

"भावोजी," ती गवताला तोंड लावून म्हणाली, "गाठ कोण बांधतं?"

गेलेल्या माणसाला दोष लागू नये म्हणून कुमाकिचीने अकरा वर्षं शिव्याशाप पोटात घातले होते. आता खरं सांगितलं असतं तरी त्याला कोणी नावं ठेवली नसती.

"आतला," तो म्हणाला.

शिनोने सुई बाहेर लोटली आणि त्या अंधारात ती पोटभर रडली, असं सांगतात. मग ती खाली उतरून अंगणात आली. वर कुमाकिची नुकत्याच बांधलेल्या गाठीची उरलेली दोरी कापायला विळा काढत होता. "राहू द्या," ती म्हणाली. त्याने ती तशीच ठेवली.

आजही मिनोदानीत छप्पर शाकारतात, तेव्हा शेवटच्या सुईला घरधनीण माळ्यावर चढते आणि गाठ कोण बांधतं म्हणून विचारते. छपरावरचा माणूस सगळ्यांदेखत, गाठीवर हात ठेवून "आतला" असं ओरडतो. पाहायला आलेले प्रवासी हसतात. गावातलं कोणी हसत नाही. दोरी न कापता माणूस खाली उतरतो, आणि घरधनीण त्याला पहिला चहा देते.