वैद्यांनी बोलावलेले शिपाई

एके काळी एक वृद्ध वैद्य घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या एका नगरात राहत असत. बैलांचे तांडे घाट उतरून तेथे मुक्कामाला थांबत, त्यामुळे नगर लहान असूनही गजबजलेले असे. वैद्यांची कीर्ती मोठी होती. राजाने त्यांना अनेकदा सुचवले होते, की आपण राजवैद्य व्हावे, वेतन घ्यावे. वैद्य दरवेळी हात जोडून म्हणत, "महाराज, मला माझ्या ओसरीवरच राहू द्या."

गरीब रुग्णांच्या औषधांचा भार नगरातला एक धनवान व्यापारी उचलीत असे. सुंठ, मध, हिरडा, नाना प्रकारच्या मुळ्या, जे लागेल ते त्याच्या वखारीतून न मागता येई. खालच्या आळीसाठी त्याने स्वतःच्या पैशाने एक विहीरही बांधून दिली होती. वैद्यांचा शिष्य श्रीरंग याला ही व्यवस्था आदर्श वाटे. राजवाड्याचा हात जितका दूर, तितके वैद्यक शुद्ध, असे त्याचे मत होते.

एका उन्हाळ्यात खालच्या आळीत जुलाब-उलट्यांची साथ पसरली. लोक येत, औषध घेत, बरे होऊन जात आणि थोड्याच दिवसांत पुन्हा ओसरीवर दिसत. चंद्रा नावाच्या एका विणकर बाईचा लहान मुलगा असाच बरा होऊन हसत घरी गेला होता. तो पुन्हा आजारी पडला, आणि या खेपेला वाचला नाही. चंद्रा तेव्हा गरोदर होती.

वैद्य स्वतः आळीत फिरून आले होते. विहिरीच्या वरच्या अंगाला व्यापाऱ्याच्या बैलांचा तळ होता. तिथली घाण मुरून मुरून विहिरीत उतरत होती, हे त्यांनी पाहिले होते, आणि व्यापाऱ्याला सांगितलेही होते.

"शेटजी, बैलांचा तळ तेवढा हलवा."

"हलवतो की! एवढा हंगाम जाऊ द्या," व्यापारी आदराने म्हणाला होता. "तोवर औषध हवे तेवढे न्या. मी कधी नाही म्हटलेय का?"

आणि त्याने दुप्पट औषधे पाठवली होती. वैद्यांनी पुन्हा विनंती केली, तेव्हा आणखी औषधे आली. तळ होता तिथेच राहिला.

चंद्राचे मूल गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरी रुग्णांनी भरली होती. वैद्य खांद्यावर उपरणे टाकून, काठी घेऊन बाहेर आले.

"श्रीरंग, आजचे रुग्ण तू पाहा. मी राजवाड्यावर जाऊन येतो."

श्रीरंगचा कानांवर विश्वास बसेना. "आत्ता? गुरुजी, माणसे दारात तळमळताहेत!"

"काढा तुला येतो," एवढेच म्हणून वैद्य पायऱ्या उतरले.

श्रीरंग दिवसभर काढा देत राहिला आणि मनात धुमसत राहिला. गुरुजी थकले असतील का? की उतारवयात राजवैद्यपदाचा मोह पडला? आयुष्यभर जे दार ओलांडले नाही, ते नेमके आज, रुग्णांना सोडून, का ओलांडावे? त्याला काही उलगडेना.

दुपारी खालच्या आळीतून गलका ऐकू आला. राजाचे शिपाई बैलांचा तळ उठवीत होते. विहिरीवर पहारा बसला होता आणि नदीच्या वरच्या अंगाचे पाणी पखालींतून घरोघर पोहोचत होते. वैद्य परतले, आणि त्यांच्या पाठोपाठ व्यापारी ओसरीवर आला. तो रागाने म्हणाला,

"मी बांधलेल्या विहिरीवर मला न विचारता पहारा! आणि शिपाई आणले कुणी? ज्यांची ओसरी मी चालवतो, त्यांनी! आजपासून माझ्या वखारीतून एक मुळीही येणार नाही."

तो बोलल्याप्रमाणे वागला. दुसऱ्या दिवशी औषधांचे डबे तळाला गेले.

राजवाड्याला ही वार्ता कळायला वेळ लागला नाही. अमात्य औषधांच्या गोण्या आणि काढ्याची मोठमोठी तांब्याची भांडी गाड्यांवर लादून स्वतः आले. वैद्यांनी गोण्या मुकाट्याने उतरवून घेतल्या. आयुष्यात प्रथमच त्यांनी राजवाड्याचे काही स्वीकारले होते. 

अमात्यांनी आज्ञा वाचली. आळीतल्या प्रत्येकाने वाटीभर काढा प्यावा. कुणालाही सूट नाही. शिपायाने वाटी भरली आणि ओसरीच्या कडेला बसलेल्या चंद्रापुढे धरली. वैद्यांनी पुढे होऊन वाटीवर तळहात ठेवला.

"हिला नाही."

"आज्ञा सर्वांसाठी आहे," अमात्य म्हणाले. "एकीला सोडले तर उद्या दहा जण सूट मागतील."

"ती गर्भिणी आहे. यातली एक मुळी तिला चालणार नाही."

"शिपाई मागायला आपणच आला होता ना?"

"आलो होतो. विहिरीसाठी."

वैद्यांनी हात काढला नाही. अमात्यांनी चंद्राकडे पाहिले. तिने दोन्ही हातांनी पोट धरले होते. शेवटी ते नाराजीनेच म्हणाले, "मग कुणाला काय द्यायचे ते आपणच सांगा."

संध्याकाळी मुळ्या कुटता कुटता श्रीरंगने बत्ता खाली ठेवला.

"गुरुजी, मला काहीच कळेनासे झाले आहे. ज्या राजाचे वेतन आपण नाकारले, त्याचे शिपाई आपण मागून आणलेत. त्याची औषधे घेतलीत. आणि त्याच्याच अमात्यांना अडवलेत. आपण आहात तरी कुणाच्या बाजूचे?"

वैद्य जवळ येऊन बसले. म्हणाले, "चंद्राचा मुलगा माझ्या औषधाने बरा झाला होता. घरी जाऊन तो पुन्हा तेच पाणी प्यायला. मला नाडी पाहता येते, विहीर बंद करता येत नाही. जिथे एकाच्या सोयीने सगळी आळी आजारी पडते, तिथे सर्वांच्या वतीने आज्ञा देणाराच लागतो. व्यापारी वाईट माणूस नाही. पण तो देत होता ते दान होते. तो रागावला आणि ते थांबले. आजाऱ्याचे औषध असे कुणाच्या रागालोभावर राहू नये, म्हणून मी ते राज्याकडून घेतले. पण राज्याची आज्ञा सर्वांना सारखी असते आणि शरीरे सारखी नसतात. चंद्रासमोर कुणी तरी माणूस बसलेला हवा, आणि त्याला 'हिला नाही' म्हणण्याची मोकळीक हवी."

"मग राज्याने यावे कुठवर? रेषा कुठे आखायची?"

वैद्यांनी बत्ता उचलून खलात दोन घाव घातले. मग म्हणाले, "ती एकदाच आखून देणे मला जमलेले नाही. साथ बदलते, राजा बदलतो. मी आजही चाचपडतोच. पण बाजू आधीच ठरवून बसलो असतो, तर एक तर विहीर उघडी राहिली असती, नाही तर चंद्राने तो काढा प्यायला असता."

साथ हळूहळू ओसरली. पावसाळा संपता संपता चंद्राला मुलगी झाली. व्यापाऱ्याने बैलांचा तळ नदीपलीकडे नेला, पण वैद्यांशी तो पुढे कित्येक दिवस बोलला नाही.

त्यानंतर राजाने सभा बोलावली. नगरातले सर्व वैद्यक राज्याने हाती घ्यावे, असे काहींचे म्हणणे होते. मुळीच घेऊ नये, असे इतरांचे. सभागृहात दोन्ही पक्ष समोरासमोर बसले होते. वैद्यांना आता तेवढे चालवत नव्हते, म्हणून त्यांनी श्रीरंगला पाठवले.

राजाने विचारले, "तुम्ही लोकांत वावरता. सांगा, वैद्यकात राज्याने पडावे की पडू नये?"

दोन्हीकडच्या माना त्याच्याकडे वळल्या. श्रीरंग उभा राहिला. मग हात जोडून म्हणाला,

"महाराज, कोणत्या कामासाठी?"

सभेत कुजबुज सुरू झाली. राजाने हाताने ती थांबवली, आणि श्रीरंगला जवळचे आसन दाखवून म्हणाला, "बसा. एकेक सांगा."