खाडीतल्या काठ्या

"...आणि लस टोचल्यावर पोरीला काही झालं तर, बाबा?"

नूरशा बाबांनी चहा गाळला आणि कप पुढे सरकवला.

"न टोचता काही झालं तर?"

"तेच तर..."

सदानंद तोरसकर हा भल्याभल्या साक्षीदारांना घाम फोडणारा वकील. दर गुरुवारी ओहोटीला पायी खाडी उतरून तो बाबांच्या या बेटावर यायचा. इथे मात्र त्याची वकिली फारशी चालत नसे. आज त्याच्या कडेवर आठ महिन्यांची रेवा होती.

गावात नवा ताप शिरला होता. शेजारच्या आळीतलं एक तान्हं अजून तालुक्याच्या दवाखान्यात नाकात नळी घालून पडलं होतं. एवढ्या लहान मुलांसाठीची लस नुकतीच आली होती, आणि पैलतीरावरच्या आरोग्य केंद्रात आज दुपारपर्यंत ती टोचणार होते. बायको तिथे रांगेत उभी होती. "माझं ठरलंय," ती सकाळी म्हणाली होती. "तुमचं काय ते ठरवा, आणि पोरीला घेऊन या." हा म्हणाला, बाबांच्या पायांवर घालून आणतो, मग बोलू.

"डॉक्टरीणबाई काय म्हणतात?" बाबांनी विचारलं.

"द्या म्हणतात. खूप मुलांना देऊन पाहिली आहे. थोडा ताप येतो, उतरतो. क्वचित कुणाला जास्त त्रास होतो."

"मग?"

"त्या 'क्वचित'पाशी माझं गाडं अडलंय. दुसऱ्याने पाहिलेलं मी पुरावा धरत नाही, बाबा. स्वतः तपासल्याशिवाय मी पाऊल टाकत नाही. तुम्ही सांगा, मी तसं करतो."

बाबा मिशीत हसले.

"म्हणजे डॉक्टरणीचं ऐकायचं नाही. आणि ज्याला औषधातलं ओ की ठो कळत नाही, त्या फकिराचं ऐकायचं."

रेवा वकिलाच्या शर्टाचं बटण चोखत होती.

बाबा उठले आणि काठाशी गेले. तिथून पैलतीरापर्यंत चिखलात काठ्या रोवलेल्या होत्या, टोकाला चिंध्या बांधलेल्या. पहिली काठी त्यांनी हलवून हलवून उपटली आणि वकिलाच्या हातात दिली.

"भरती लागायच्या आत नीघ. काठ्यांकडे तेवढं बघू नकोस. तपासून जा."

वकील काठावर उभा राहिला. समोर सगळा चिखल सारखाच, राखाडी. कुठे तो पाय तोलून धरेल आणि कुठे कंबरेपर्यंत गिळेल, काही कळेना. इतकी वर्षं तो या काठ्यांच्या रांगेनेच ये-जा करत होता, आणि त्यांच्याकडे त्याने कधी धड पाहिलंही नव्हतं.

त्याने उचललेलं पाऊल पुन्हा मागे घेतलं.

"कुणी रोवल्या या?"

"वाडीतल्या कोळ्यांनी. दर साली पाऊस सरला की उतरतात, चाचपतात, पुन्हा रोवतात." बाबांनी डावीकडे बोट दाखवलं. "तुझ्या हातातली गेल्या साली तिकडे होती."

"म्हणजे चुकीच्या जागी होती."

"चिखल सरकला. कुणाचा तरी पाय रुतला. मग हलवली."

...

दूर खाडीच्या तोंडाशी पाणी चमकायला लागलं होतं.

"मला भीती वाटते, बाबा." हे वाक्य त्याने आयुष्यात कुणापुढे उच्चारलं नव्हतं. "माझी एकुलती एक पोर आहे ही."

"वाटू दे. ज्याला भीती वाटत नाही, त्याच्या कडेवर मी पोर देणार नाही."

वकिलाने रेवाला छातीशी घट्ट धरलं. पुढच्या काठीवरची चिंधी वाऱ्यावर हलत होती. तिच्याही पुढे एक होती, आणि पार पलीकडे, केंद्राच्या पायरीवर, कपाळावर हात धरून कुणी बाई इकडेच बघत होती.

त्याने चपला काढून काखेत मारल्या.

"येतो, बाबा." उपटलेली काठी परत द्यायला त्याने हात पुढे केला.

बाबांनी ती घेतली नाही.

"मागून कुणीतरी पोर घेऊन येत असेल," ते म्हणाले. "जाताना ती नीट रोवून जा."