वाटधुनी

एका राज्यात, जिथे उत्तरेचा समुद्र दर थंडीत गोठून चालायची वाट होई, तिथे राणी यशोमती राज्य करीत होती. त्या राज्याची एक रीत होती. घरचे माणूस दूर गेले की दारात त्याच्या नावाची धुनी पेटवायची. तिला वाटधुनी म्हणत. माणूस परतले की त्यानेच ती विझवायची. घरच्यांनी विझवली, तर माणूस गेले असे समजून सुतक धरायचे. तिच्यावर भाताचा दाणा शिजत नसे, तरी चुलीपेक्षा तिचीच काळजी अधिक.

राणीला एकुलती एक लेक, तरंगिणी. वारसाने सोळाव्या वर्षी गोठल्या समुद्रावरून हिमदेशी जावे, वर्षभर राहावे, त्याच वाटेने परतावे, असा नेम होता. तरंगिणी गेली. राणीने गोवऱ्यांची धुनी पेटवली आणि तिसऱ्याच दिवशी तिचा धीर सुटला. राण्यांना वाट पाहायची सवय कुठली?

तेव्हा अंगारक नावाचा मांत्रिक दरबारी आला. म्हणाला, "राणीसाहेब, गोवरीचा धूर हिमदेशी दिसायचा नाही. माझ्या डोंगराच्या पोटात काळ्या दगडांचा खजिना आहे. एकेक दगड महिनाभर जळतो."

"त्या खजिन्याला शाप आहे म्हणतात."

"आहे. जाळणाऱ्याला त्याची धग लागत नाही, दूरच्याला लागते."

राणीने दगड घेतले. महालाच्या तटावर ताडाएवढी धुनी भडकली. राणीने केले म्हणून प्रजेनेही केले. कुणाचा नवरा परगावी, कुणाची बहीण सासरी, दारोदारी काळे दगड जळू लागले. वर्ष सरले, थंडी आली, पण समुद्र गोठला नाही. राणीने धुनी दुप्पट केली. पाचव्या वर्षी पाणी तटाला लागले, किनाऱ्याची सात गावे बुडाली, विहिरी खारट झाल्या, पाऊस वाटेल तेव्हा येऊ लागला.

मग एके दिवशी सुरय पक्षी तटावर उतरला. तो दरवर्षी पृथ्वीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाई. तो बोलला, "राणी, तुझी लेक जिवंत आहे. रोज काठावर येऊन इकडे बघते. पण तुमच्या धुन्यांची धग तिकडे पोचते. बर्फ वितळून वाट तुटली, आणि तेच पाणी तुमच्या विहिरीत आले."

"मी तर तिच्यासाठीच जाळते आहे."

"म्हणूनच ती येऊ शकत नाही."

"नाव पाठवते."

"बर्फाचे डोंगर तुटून वाहताहेत. नाव टिकणार नाही. तीन कामे कर. मांत्रिकाची खाण बुजव, प्रजेच्या धुन्या विझव, शेवटी तुझी विझव."

खाण बुजली. अंगारकाने हाताची घडीही सोडली नाही. "मी दगड दिले," तो म्हणाला, "जाळा असा हट्ट केला नव्हता." पण घरोघरी दगडांचे ढीग साठलेले होते. राणी पायी निघाली आणि पहिल्याच दारी अडली. ते दार धर्मा तांडेलाचे होते.

"सरकार, माजा पोर पाच वर्सं दर्यात हाय," धर्मा म्हणाला. "जित्या पोराला माज्या हातानं मेला म्हनू? आदी तुमची इझवा, मंग आमाला सांगा."

राणी परतली आणि घागर घेऊन तटावर चढली. दुपार कलली तरी तिचा हात वळेना. पाच वर्षे ही धुनी म्हणजेच तिची लेक होती. राणी तिला निजवत होती, जागवत होती, तिच्याशी बोलत होती. शेवटी ती म्हणाली, "बाळ, तू यावीस म्हणून विझवते." आणि तिने घागर उपडी केली. सुतक मात्र धरले नाही.

खालून धर्मा बघत होता. तो घरात गेला आणि आपली घागर घेऊन बाहेर आला. तिसऱ्या दिवशी राज्यात एकही वाटधुनी उरली नाही.

शाप त्या दिवशी उतरला. बर्फाला मात्र घाई नव्हती. दरवर्षी सुरय येई, राणी विचारी, "बर्फ धरला?" तो म्हणे, "अजून नाही." राणीचे केस पिकले, गुडघे धरले. तट चढवेना, तेव्हा ती पालखीतून जाऊ लागली. "अजून नाही" ऐकून ती मान हलवी आणि पक्ष्याला दाणे टाकी. तो मासे खाणारा, पण तिचा मान राखून दाणे टिपी.

धुनी विझवल्यापासून एकोणिसाव्या थंडीत समुद्र या काठापासून त्या काठापर्यंत गोठला. पाणी सात गावांवरून मागे सरले. नवव्या दिवशी एक बाई बर्फावरून चालत आली. ती चाळिशीची होती, कानशिलावर केस पांढरे. वेशीपासून महालापर्यंत तिला एकही धुनी दिसली नाही. ती राणीपुढे उभी राहिली, पण पाया पडली नाही.

"आईसाहेब, माझ्या नावाची धुनी कुठेच नाही. माझे सुतक होऊन गेले का?"

"नाही."

"मग विझवली कुणी?"

"मी," राणी म्हणाली. "आणि पाच वर्षे पेटवलीही मीच. उशीर तुला झाला नाही, तरंगिणी. उशीर मी केला."

तरंगिणी खाली बसली आणि तिने आईच्या मांडीवर डोके ठेवले. राणीने त्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला. सोळा वर्षांची लेक आता कधीच परत येणार नव्हती, हे त्या दोघींना कळले.

राणीचे माणूस उशिरा आले, तुमचे वेळेवर येवो.