दोराएवढं पाणी

"दुष्काळ दुष्काळ म्हणता, पण आहे तरी केवढा? मोजून आणा. जेवढा भरेल तेवढं पाणी देतो," असं म्हणून राजा यंबाने गावकऱ्यांना वाटेला लावलं.

व्होल्टा नदीच्या खोऱ्यात पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दडी मारली होती. पात्रात नुसती वाळू. राजाच्या टेकडीवरचं तळं मात्र बारमाही झऱ्यामुळे तुडुंब, आणि त्यात त्याचे घोडे डुंबत होते.

कुणी भेगाळलेलं ढेकूळ नेलं, कुणी बाजरीचं वाळकं कणीस. राजाने सगळ्यांना हसून परत धाडलं. ही तर वस्तू झाली, माप कुठंय?

शेळ्या राखणाऱ्या पोकोची दोन करडं पाण्यावाचून गेली होती. तिसरं खांद्यावर घेऊन ती विहिरीवर आली, तर बायका पोहऱ्याच्या दोराला आणखी एक तुकडा जोडत होत्या. दोर पुन्हा अपुरा पडला होता. पोको बघतच राहिली. मग करडू त्या बायकांकडे सोपवून ती उतारावरच्या गावागावांतून फिरली. तिने प्रत्येक विहिरीवर एकच मागणं केलं, दुष्काळात जेवढा दोर वाढवावा लागला तेवढाच नवा वळून द्या.

सगळे तुकडे गाठी मारून जोडले आणि ती गावच्या विहिरीपासून दोर सोडत टेकडी चढली. दुसरं टोक तिने तळ्याकाठी राजाच्या पायाशी ठेवलं.

"महाराज, हे माप. विहिरींतलं पाणी जेवढं खाली गेलं, तेवढा हा दोर."

राजाने दोर उचलून बघितला. माप खोटं म्हणायची सोय नव्हती. पण हार मानेल तो यंबा कसला?

"ठीक. दोराएवढं लांब पाणी देतो. पण जाडीही दोराएवढीच, बोटभर. त्याहून थेंब जास्त नाही."

दरबारी खुदखुदले. पोकोने दोराकडे पाहिलं, तो पार खालच्या विहिरीपर्यंत गेलेला होता.

"मान्य, महाराज. बोटभर तर बोटभर. फक्त दोर जसा इथून विहिरीपर्यंत कुठं तुटलेला नाही, तसं पाणीही तुटू देऊ नका."

"नाही तुटणार," राजा म्हणून गेला, आणि मग थबकला. न तुटणारी धार म्हणजे रात्रंदिवस वाहणारी धार!

आपण आपल्याच शब्दात अडकलो हे कळून तो इतका हसला की डोक्यावरची टोपी तळ्यात पडली. त्याच आठवड्यात दोराच्या कडेने त्याने पाट खणवला, तोही बोटभर नव्हे, चांगला हातभर रुंद. पोकोला दोन दुभत्या शेळ्या मिळाल्या, आणि पाटकरीण म्हणून पाण्याच्या पाळ्या ठरवायचा मानही. पहिली पाळी तिने राजाच्या घोड्यांना दिली, पण तळ्यात नाही, गावच्या हौदावर.