भोवऱ्यातून परत आलेला

"तीन मैल लिहू ना, सर?"

निषाद रेगे नुकताच विमानातून उतरला होता. घामाने अंग निथळत होतं, पण चेहऱ्यावर तेज होतं. मोठं विमान आपल्यामागे हवेचे भोवरे सोडत जातं, डोळ्यांना न दिसणारे. आज पुढे उडणाऱ्या अशाच एका मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांना धूर सोडणारी नळकांडी बांधली होती. धुराची वेटोळी पाहत निषाद आपलं छोटं विमान मुद्दाम त्यांच्यात घालत होता. आधी सहा मैल मागून, मग पाच, मग तीन.

समोर डाबरे सर उभे होते. वसईचे हे म्हातारे वैमानिक. चाचणी-उड्डाणं शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

"तीन मैलांवर विमान पार उलटं झालं, सर. जमीन डोक्यावर आली. पण सावरलं मी."

"हं..."

"तीन मैल पुरतात. मागच्याने तेवढं अंतर ठेवलं की झालं."

"आणि कोळंबकर?"

गेल्या पावसाळ्यात कोळंबकरचं छोटं विमान उतरता उतरता कोसळलं होतं. पुढे एक मोठं विमान नुकतंच उतरलं होतं; त्याच्या न दिसणाऱ्या भोवऱ्यात ते सापडलं. कोळंबकर गेला, मागे बसलेली माणसंही गेली. म्हणूनच तर ही मोजमापं चालली होती.

"वाईट झालं," निषाद म्हणाला. "पण खरं सांगू? त्याच्या जागी मी असतो, तर वाचवलं असतं."



निषाद वळला आणि विमानाकडे चालू लागला. दोन पावलं गेला असेल-नसेल, तोच पाठीत जोराचा धक्का बसला. तो तोंडावरच आपटला. तळहात सोलवटले, ओठ फुटला.

"सर! हे काय?"

डाबरे सर धापा टाकत उभे होते.

"सावरला नाहीस?"

"कसा सावरणार? मला काय माहीत, तुम्ही..."



वर धुराची वेटोळी विरत चालली होती. निषाद तिकडे बघत बराच वेळ जमिनीवर बसून राहिला. ओठातलं रक्त हनुवटीवर आलं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"मग... किती लिहू, सर?"

सरांनी हात देऊन त्याला उठवलं.

"कोळंबकर माझाच विद्यार्थी. तुझ्यापेक्षा चांगला उडवायचा."