कपारीत ठेवलेलं गाणं

फार पूर्वी पाखरं शहाणी होती म्हणतात; मला काही पटत नाही. डोंगरातली कपार साळुंकीला म्हणाली, "साळूबाई, गाणं गळ्यात कशाला वागवतेस? माझ्याकडे ठेव. रोज दाणा टाक, रानातलं हवं ते गाणं ऐकवीन." त्या खुळीनं आपलं गाणं देऊन टाकलं.

उन्हाळ्यात दाणे संपले. कपार गप्प झाली. पिल्लू घरट्यातून खाली पडलं, तर त्याला हाक मारायला साळुंकीच्या गळ्यात काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात कपारीतून तिचंच गाणं आलं. पिल्लू तुरुतुरु तिकडे निघालं. साळुंकी आडवी आली.

"बाजूला हो मावशी, आई बोलावतेय."

कपारीच्या तोंडाशी धामण बसली होती. आजचा दाणा तिनं टाकला होता.